गळती नेमकी कुठं आहे?

मागच्या जानेवारीतली रात्र. नागोयाजवळच्या माझ्या खोलीत दिवा बंद करून पडलो होतो आणि कपाटातून बारीक आवाज यायला लागला. सूंऽऽ. लहानपणी हिंगोलीच्या घरात असा आवाज आला की आई हातातलं काम टाकून सिलेंडरकडे धावायची. इथं सिलेंडर नव्हता. कपाटात माझं एअरसॉफ्टचं पिस्तूल होतं, आणि त्याच्या मॅगझिनमधून गॅस निघून चालला होता.

पिस्तूल म्हटल्यावर घाबरू नका. माझा बंदुकीशी संबंध हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनापुरता. छऱ्याची बंदूक, समोर फळीवर लावलेले फुगे, आणि एकही फुटला नाही तर अण्णांचं ठरलेलं वाक्य, "नळी वाकडी हाय तिची, तुझी चूक नाही." जपानमध्ये खरी शस्त्रं सामान्य माणसाच्या हाती जवळजवळ येतच नाहीत. तिथं एअरसॉफ्ट हा रविवारचा खेळ आहे. 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, डोळ्यांवर जाड गॉगल, आणि गोळीच्या ताकदीवर कायद्याची मर्यादा, एक ज्यूलच्याही किंचित आत. कारखान्यातल्या दोघांनी मला एकदा नेलं. परत येताना मी एक जुनं गॅसचं पिस्तूल विकत घेतलं होतं.

या पिस्तुलाची गंमत मॅगझिनमध्ये असते. त्यात गोळ्यांसोबत दाबाखाली पातळ झालेला गॅस भरलेला असतो. चाप ओढला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो. थोडा गॅस गोळीला पुढं ढकलतो, उरलेला वरच्या स्लाइडला मागं ढकलतो. हाताला खऱ्यासारखा झटका बसतो. यालाच ब्लोबॅक म्हणतात.

उन्हाळ्यात सगळं झकास होतं. डिसेंबर आला आणि स्लाइड अर्ध्या वाटेवर थांबायला लागली. आठ-दहा गोळ्या झाल्या की दम संपायचा. वर ही रात्रीची गळती. मी इंटरनेटवर पन्नास व्हिडिओ पाहिले. प्रत्येकाचं औषध वेगळं. मी सगळीच औषधं केली. स्क्रू आवळले, उगाच एक स्प्रिंग बदलली, दाराच्या बिजागरीला मारायचा तेलाचा स्प्रे व्हॉल्व्हवर मारला. गळती दुप्पट झाली.

तेव्हा अण्णांची आठवण आली. खरं सांगायचं तर आठवायला नको होती, इतकं ते उघड होतं. अण्णांनी तीसेक वर्षं हिंगोलीच्या बाजारात स्टोव्ह दुरुस्त केले. पिन मारणं, निपल बदलणं, पंपाचा चामड्याचा वायसर तेलात भिजवून बसवणं. रॉकेलचा तो पंपाचा स्टोव्ह 1892 साली स्वीडनमध्ये जन्मला आणि आमच्या पत्र्याच्या टपरीत म्हातारा झाला. मग शेगड्या आल्या. 2016 ला उज्ज्वला योजना आली, रेशनचं रॉकेल आटत गेलं. अण्णांनी काही दिवस शेगड्यांची बटणं बदलली, मग टपरी बंद केली.

त्यानंतर आमचे फोनही आटले. "जेवलास का? थंडी हाय का? बरं, ठेव मग." दोन मिनिटं. मी काही सांगायला लागलो की "हो, हो" करायचे आणि फोन ताईकडे द्यायचे. मला वाटायचं, टपरी गेल्याचं दुःख आहे. कधी वाटायचं, मी इतक्या लांब आलो याचा राग आहे. विचारलं मात्र कधीच नाही.

इथं रात्रीचे दहा, म्हणजे हिंगोलीत संध्याकाळचे साडेसहा. व्हिडिओ कॉल लावला, ताईनं फोन धरला. मी मॅगझिन दाखवलं. अण्णा चष्मा वर-खाली करत बघत राहिले. मला वाटलं, विचारतील पगार कशावर उडवतोस. त्यांनी विचारलं, "कधी गळायलंय?"

"म्हणजे?"

"भरताना, नुसतं ठेवल्यावर, का मारताना?"

पन्नास व्हिडिओंपेक्षा हा एक प्रश्न मोठा निघाला. भरताना बाजूनं उडत असेल तर भरायच्या तोंडात दोष. नुसतं ठेवून रिकामं होत असेल तर तोंड, तळाची पट्टी किंवा व्हॉल्व्ह, यांपैकी कुठलं तरी रबर धरत नाही. ठेवल्यावर शाबूत आणि मारतानाच जीव नसेल, तर मॅगझिन आणि पिस्तूल जिथं एकमेकांना टेकतात तिथलं रबर, नाहीतर स्लाइडच्या आतली रिंग बघायची. आधी वेळ विचारायची, मग पाना हातात घ्यायचा.

"आवाज ऐकव," अण्णा म्हणाले. मी मॅगझिन फोनच्या तोंडाशी नेलं. सूंऽऽ. "येईना." अजून जवळ नेलं. "काहीच येईना रे." त्यांचा चेहरा उतरला. मग ताई म्हणाली, "मलाही येत नाही." तेव्हा लक्षात आलं. कॉलचं ॲप असा एकसुरी आवाज पंख्याचा समजून गाळून टाकतं. कानांचा दोष नव्हता. निदान त्या वेळी तसं वाटलं.

"मग डोळ्यांनी बघू. साबण आण. काडी ओढून बघायची नाही, सांगून ठेवतो."

भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशनं लावला. तळाच्या पट्टीला काही नाही. वरच्या व्हॉल्व्हला काही नाही. भरायच्या तोंडापाशी एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. अण्णा हसले. मी त्यांना खूप दिवसांनी हसताना बघत होतो.

"घे, सापडला चोर. गोडं तेल लाव."

"अण्णा, रबराची रिंग आहे."

ते थांबले. "रबर हाय? मग नको. चामड्याला तेल पाजावं लागतं, रबराचं गणित निराळं. त्याला काय पाहिजे ते तू हुडक."

मी शोधलं. काही रबरं पेट्रोलियमच्या तेलानं फुगतात, मऊ पडतात, म्हणून या पिस्तुलांना सिलिकॉनचंच तेल लावतात. गॅस सगळा बाहेर सोडून, खिडकी उघडी ठेवून ते तोंड खोललं. आतली ओ-रिंग फुगून वाकडी झालेली. अर्धी गळती रिंगेच्या वयाची होती, अर्धी माझ्या स्प्रेची. चहाच्या पैशात नवी रिंग आली. सिलिकॉनचा एक थेंब लावून बसवली. रात्र शांत गेली.

पण स्लाइड अजून अर्ध्यातच थांबत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "ठेवल्यावर गळत नाही? मग ती गळती नव्हं. टाकी गार पडली असंल," अण्णा म्हणाले. थंडीत सिलेंडर संपत आला की शेगडी कशी मंद होते, तसंच. इथं 134ए नावाचा गॅस भरतात, तोच जो पूर्वी फ्रिजमध्ये आणि गाडीच्या एसीत असायचा. 20 अंशाला त्याचा दाब बाहेरच्या हवेच्या साडेपाच पटींहून थोडा जास्त असतो, शून्य अंशाला तीन पटींपेक्षाही कमी. शिवाय दर गोळीला पातळ गॅसची वाफ होते, आणि ती वाफ मॅगझिनचीच उष्णता ओढून घेते. घाईनं दहा गोळ्या झाडल्या की लोखंड हाताला बर्फ लागतं.

मैदानावर एकानं सुचवलं होतं, जास्त ताकदीचा गॅस भर, प्रोपेनचा. अण्णांना सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "आग मंद झाली म्हणून जास्त पंप मारणाऱ्यांचेच स्टोव्ह फुटायचे." हलक्या दाबासाठी घडवलेली स्लाइड तडकते आणि गोळी कायद्याची मर्यादा ओलांडते, ते वेगळंच. हीटरवर मॅगझिन ठेवणं तर त्याहून वेडेपणा. उपाय साधा होता. मॅगझिन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचं, दोन गोळ्यांमध्ये दम खायचा, आणि थंडीकडून उन्हाळ्याची अपेक्षा करायची नाही.

तो फोन चाळीस मिनिटं चालला.

नंतर ताईचा वेगळा फोन आला. "एक सांगू? तू बोलत होतास तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. प्रत्येक वाक्य मी त्यांच्या कानाशी परत म्हटलं. एरवीही त्यांना फोनवर ऐकू येत नाही. कळू नये म्हणून हो-हो करतात."

मी बराच वेळ तसाच बसलो. दोन वर्षं मी भलत्याच ठिकाणी पाना लावून बसलो होतो. राग, दुःख, अंतर, सगळे स्क्रू आवळून झाले होते. अण्णांचा पहिला प्रश्न मी त्यांच्याच बाबतीत कधी विचारला नव्हता. कधी तुटतं बोलणं? समोर असताना तर नाही. मी सुट्टीत घरी गेलो की ते तासन्‌तास बोलायचे. फक्त फोनवर.

ताईनं नांदेडला नेऊन तपासणी करून आणली. दोन्ही कान बरेच कमी. आता यंत्र आहे. फोनही लांबतात. औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होणार, हे त्यांनी पेपरात वाचलंय. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत हवेचा मागमूस नको. त्यांचा प्रश्न एकच, "एवढ्या लांब नळीची गळती शोधणार कसं?" मी सांगितलं, अशा ठिकाणी बाहेरून हेलियम सोडतात आणि आत कुठं सापडतो ते यंत्रानं बघतात. ते म्हणाले, "म्हणजे साबणच की, महागातला."

परवा बोलता बोलता त्यांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. कुईंऽऽ. ही शिट्टी ॲपनंही गाळली नाही, मला इकडं ऐकू आली. ताई म्हणाली बिघडलं, दुकानात न्यावं लागेल. अण्णांनी बोटानं कानातलं रबर दाबलं, शिट्टी थांबली. सोडलं, पुन्हा सुरू.

"बिघडलं नाही," ते म्हणाले. "आवाज बाजूनं गळायलाय, अन् परत माईकमध्ये शिरायलाय. एक नंबर मोठं रबर बसवा."