यांगूनच्या रिंगणातला पुकारा

मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात आणि थिबा राजा म्हटलं की रत्नागिरी. ब्रह्मदेशाशी आपली ओळख बहुधा तेवढीच! पण मैत्रिणींनो, आज तुम्हाला त्याच देशात, म्हणजे आताच्या म्यानमारमधल्या यांगून शहरात न्यायचंय, आणि तेही चक्क मुष्टियुद्धाला. नाक मुरडू नका हं!

‘लेथ्वे’ हा तिथला पिढ्यान् पिढ्या चालत आलेला खेळ. हातात मोजे नाहीत, मुठींना नुसती पट्टी गुंडाळायची. ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, एवढंच काय, डोक्याची धडकसुद्धा चालते. खेड्यापाड्यांत पॅगोड्याच्या जत्रेत या लढती होतात, तर यांगूनमध्ये थेइन प्यू स्टेडियम त्यासाठी प्रसिद्ध. रिंगणाजवळच वाजंत्री बसतात. ढोल, झांजा, बांबूच्या चिपळ्या आणि सनईच्या जातीचं ‘ह्ने’. लढत रंगली की सूरही चढतो.

या गलक्यात कान द्यावा तो ध्वनिक्षेपकावरून नावं पुकारणाऱ्याकडे. ब्रह्मी लोकांना आडनाव नसतं, त्यामुळे घराण्याचा टेंभा मिरवायची सोयच नाही! माणूस ओळखायचा तो त्याच्या नावानं. नावाआधी ‘सॉ’ ऐकू आलं की समजावं, गडी करेन जमातीचा. शिवाय या भाषेत स्वराच्या चढउतारानं शब्दाचा अर्थच बदलतो, म्हणून नाव कसं जपून उच्चारायला हवं!

या खेळात बायकाही उतरतात बरं का. त्यांच्या नावाचाही असाच पुकारा होतो, आणि ते नाव त्यांचं स्वतःचं असतं, कारण तिथं लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. उखाण्यात हौसेनं ‘ह्यांचं’ नाव घेणाऱ्या आपण! आपलं माहेरचं पूर्ण नाव कुणी मोठ्यानं शेवटचं कधी पुकारलं, आठवतंय का?

पारंपरिक लेथ्वेत गुण मोजत नाहीत. पाच फेऱ्यांनंतर दोघंही उभे असले की बरोबरी. ना कुणी जिंकलं, ना कुणी हरलं. एक नियम मात्र काळजात धस्स करणारा आहे. मार खाऊन पडलेल्याला एकदा दोन मिनिटांची विश्रांती मिळते. त्याला शुद्धीवर आणतात आणि तो पुन्हा लढायला उभा! पाचव्या फेरीत ही सवलत नसते. शौर्य खरंच, पण डोक्याला लागलेला मार दोन मिनिटांत का बरा होतो? अशा वेळी नाव पुकारणाऱ्या आवाजाइतकाच ‘बाळा, आता पुरे’ म्हणणारा आवाजही तिथं हवा, असं कुठल्याही आईला वाटेल.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्करानं सत्ता हाती घेतल्यापासून त्या देशानं फार सोसलंय. तेव्हा जायचं मनात आलंच, तर आधी परिस्थितीची नीट चौकशी करा. तोवर एक करा. शेजारणीला ‘बंटीची आई’ म्हणण्याऐवजी एकदा तिच्या नावानं हाक मारून बघा. तिचा चेहरा कसा खुलतो ते!