परदेशची लेक आणि भोर-वेल्ह्याचा रविवार

जुलै-ऑगस्ट उजाडला की पुण्याच्या कॉलेजांतून नवे चेहरे दिसू लागतात. त्यांत काही परदेशी मुलीही असतात. कुणी एका सत्रासाठी आलेली, कुणी वर्षभरासाठी. दोन विद्यापीठांनी आपसांत ठरवलेलं असतं, तुमचे काही विद्यार्थी आमच्याकडे, आमचे काही तुमच्याकडे. अशी एखादी मुलगी तुमच्या लेकीची वर्गमैत्रीण होते, नाहीतर शेजारच्यांकडे पेइंग गेस्ट म्हणून येते. आणि एक दिवस लेक विचारते, "आई, तिला रविवारी कुठं नेऊ या गं?"

मला विचाराल तर मी सांगेन, भोर-वेल्ह्याला न्या! माहेरचा अभिमान म्हणा हवं तर. पण कारण नुसतं तेवढंच नाही.

परक्या देशातले पहिले आठ-दहा दिवस कसे जातात, याची कल्पना करून पाहा. आपण जेवायला बसतो तेव्हा तिच्या शरीराला ती पहाट वाटते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. रात्री तीनला टक्क जाग आणि दुपारी वर्गात डुलक्या! पोट नव्या तिखटाला आणि पाण्याला कुरकुरतं. कॉलेजात कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कळत नाही. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेली असेल, तर १४ दिवसांत सरकारदरबारी नोंदणी करायची ती वेगळीच. दिवसभर शंभर माणसं भेटतात, हसतात, "हाउ डू यू लाइक इंडिया?" विचारतात आणि आपापल्या घरी जातात. ही खोलीवर एकटी.

अशी एकटी मुलं पुण्याला नवीन नाहीत. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मुलांच्या खोलीच्या खिडकीतून एक मुलगी आत काहीतरी देताना त्यांना दिसली. संशय यायचाच! चौकशी केली तेव्हा कळलं, की मॉरिशसहून आलेला तो मुलगा काविळीनं अंथरुणाला खिळला होता, आणि ती त्याच्यासाठी जेवण आणत होती. परदेशातून शिकायला आलेल्या मुलांना इथं जवळचं कुणी नाही, ही गोष्ट मुजुमदारांच्या मनाला लागली. १९७१ साली त्यांनी सिंबायोसिस सुरू केलं ते त्यातूनच. पुढं संस्था केवढी वाढली ते आपण पाहतोच. पण मुळाशी होता तो एका आजारी पोराचा डबा.

आता हीच गोष्ट उलट बाजूनं पाहा. १८८३ साली आपली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अवघं अठरा. उतरवून घ्यायला कोण आलं होतं? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक गृहिणी! मासिकात जोशी पतिपत्नींची हकिकत वाचून त्यांनी आपण होऊन पत्र धाडलं होतं. कॉलेज सुरू होईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिली, आणि मग फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली. थंडी बाधू नये म्हणून तिनं नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी धरली. १८८६ साली डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला त्यांच्या घराण्याच्या दफनभूमीत ती आजही आहे. आपल्या पोरीला कुणीतरी आपलं म्हटलं होतं, ते असं.

म्हणून म्हणते, पाहुणीला प्रेक्षणीय स्थळं दाखवण्याची फार घाई नको. पहिल्या दिवसांत तिला कुणाच्या तरी घरात हक्काची जागा हवी असते. भोर-वेल्ह्यात ती मिळते, आणि बघायलाही खूप आहे.

पुण्याहून सातारा रस्त्याला लागलात की चेलाडी फाट्याला उजवीकडे नसरापूर. तिथं बनेश्वर. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं हे महादेवाचं देऊळ, भोवती दाट झाडी, मागं शिवगंगेचा धबधबा. पावसात दुरूनच बघायचा बरं का! देवळातली मोठी घंटा तिला जरूर दाखवा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या कितीतरी घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या, त्यातलीच ही. हिच्यासारखीच दुरून आलेली, आणि इथं रोज वाजते!

इथून दोन वाटा फुटतात. एका दिवसात दोन्हींचा हव्यास धरू नका. हमरस्त्यावर परत येऊन कापूरहोळवरून वळलात तर भोर. शहराच्या अलीकडे भाटघरचं १९२८ सालचं धरण लागतं. गावात नीरा नदी, जुने वाडे आणि पंतसचिवांचा राजवाडा. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, पण राजवाड्याचा रुबाब गेलेला नाही. आत जायला मिळेल की नाही, ते आधी विचारून ठेवा.

दुसरी वाट नसरापूरवरून मार्गासनीकडे, वेल्ह्याची. तालुक्याला राजगड हे नाव देण्याचं सरकारनं २०२४ साली ठरवलं, पण लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे. समोर सुमारे चौदाशे मीटर उंचीचा तोरणा आणि अलीकडे राजगड. रायगडाआधीची शिवाजी महाराजांची राजधानी ती हीच. २०२५ साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत राजगडही आहे. पण पहिल्याच आठवड्यात, भर पावसात, झोप न झालेल्या पोरीला गडावर चढवू नका. वाटा निसरड्या, धुक्यानं काही दिसतही नाही. गड कुठं जात नाही. दिवाळीनंतर न्या.

त्याऐवजी ओळखीच्या कुणाच्या घरी उतरा. भातलावणी चालू असेल तर उत्तमच. आवण काढायचं, जुड्या बांधायच्या आणि चिखलात ओळीनं रोपं लावायची. या कामाला भाषा लागत नाही. पायचोळणा वर करून तिला खुशाल खाचरात उतरू द्या. बायका हसतील, तीही हसेल. "पोरगी कुठली? आई काय करती तिची?" असं एखादी मावशी विचारेलच. तुम्ही भाषांतर करा. हा प्रश्न तिला आल्यापासून फार थोड्यांनी विचारलेला असतो.

जेवणात पहिल्याच दिवशी झणझणीत रस्सा नको. इंद्रायणीचा मऊ भात, साधं वरण, तूप, काकडीची कोशिंबीर, हवी तर तांदळाची भाकरी. मांसाहार, दूध, शेंगदाणे चालतात का, ते आधी विचारा. पाणी उकळलेलं, घरूनच न्या. "अजून घे, अजून घे" हा आपला आग्रह दोनदाच पुरे. 'नको' म्हटलं की तिला खरंच नको असतं. आणि ताटं उचलू लागली तर अडवू नका. घासू द्या चार भांडी!

आणखी एक. ती तुमच्याकडे मुक्कामाला राहणार असेल, तर २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. हे काम आता संगणकावरून होतं. मुलांना सांगा, करून टाकतील.

निघताना कोरडे कपडे, टॉवेल, सुंठेची पूड बरोबर ठेवा. गावाहून दोन किलो तांदूळ आणलात तर त्यातला मूठभर तिलाही द्या आणि कुकर कसा लावायचा ते दाखवा. आणि येत्या बुधवारी फोन करून एवढंच विचारा, "जेवलीस का गं?"