‘अतिरिक्त’ हा शब्द गळण्याआधी

पगारवाढ कधी मागावी, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकवर्गात सहसा उघडपणे चर्चिला जात नाही. मुळात मागावी की मागू नये, इथेच आमची गाडी अडते. याला थोडेफार कारण आमचे शिक्षणही असावे. मागण्याचा जो सर्वोत्तम नमुना आम्ही वर्गात शिकवतो, ते पसायदान ज्ञानेश्वरीच्या अगदी शेवटी, अठरावा अध्याय संपताना येते. आणि त्यात स्वतःसाठी काहीच मागितलेले नसते. आधी काम तडीस न्यावे, मग मागावे आणि तेही दुसऱ्यांसाठी, असा संस्कार त्यातून नकळत मुरतो. ज्ञानदेवांना तो शोभतो. विनाअनुदानित तुकडीवर शिकवणाऱ्या माणसाच्या कामाला मात्र शेवटचा अध्यायच नसतो. एक सत्र संपले की दुसरे दारात उभे असते.

आम्ही दोघे अशाच तुकडीवर, संस्थेच्या पगारावर, गेली चौदा वर्षे मराठी शिकवीत आहोत. आमच्याच दालनात बसणाऱ्या अनुदानित सहकाऱ्यांना वेतन आयोगाच्या नियमाने दरवर्षी ठरल्या महिन्यात मूळ वेतनाच्या ३ टक्के वाढ मिळते. तिच्यासाठी कुणाचे दार ठोठवावे लागत नाही. आमच्या पगारवाढीला तारीख नाही. २०२२ साली विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांचे पद रिकामेच राहिले. त्यांचे तास आम्ही वाटून घेतले. पाठोपाठ नॅकच्या सात निकषांपैकी एकाची कागदपत्रे आमच्या टेबलावर आली. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, तेव्हा मुद्रितशोधन आणि संपादन या कौशल्यविषयांची तयारी पहिल्यापासून करावी लागली. अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या वाढल्या त्या वेगळ्याच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याचे १६ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे. आमचे २२ भरतात. पगार २०२१ सालचाच आहे.

या काळात एक भाषिक घटना आम्ही जवळून पाहिली. पहिल्या वर्षीच्या कार्यालयीन आदेशात ‘अतिरिक्त कार्यभार’ असे शब्द होते. दुसऱ्या वर्षी नुसता ‘कार्यभार’ उरला. तिसऱ्या वर्षी आदेशच निघाला नाही. फलकावर वेळापत्रक लागले आणि त्यात आमची आद्याक्षरे होती. एक विशेषण गळाले, आणि त्याबरोबर आमचा दावाही गळण्याच्या बेतात आला. जोवर कामाला ‘अतिरिक्त’ म्हटले जाते तोवर त्याचा मोबदला अद्याप द्यायचा आहे, हे देणाऱ्यालाही मान्य असते. तो शब्द गेला की तेच काम ‘नेहमीचे’ होते, आणि नेहमीच्या कामासाठी जास्त मागणारा माणूस हावरा ठरतो.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) शिकवताना बलुत्याच्या हिशेबाशी आम्ही दरवर्षी थांबतो. बलुतेदाराचा वाटा सुगीत, धान्य हाती आल्यावर मिळे. म्हणजे मागण्याचा हंगाम ठरलेला होता. कामाचे माप मात्र ठरलेले नव्हते. त्याची सर्वांत जड किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतनदाराच्या कामाला वेळेची मर्यादा नाही आणि मोबदला तुटपुंजा, हे त्यामागचे एक प्रमुख गाऱ्हाणे होते. जातीने लादलेल्या त्या राबणुकीशी आमच्या गैरसोयीची तुलना करणे उद्धटपणाचे होईल. पण एक धडा घेता येतो: ज्या कामाला माप नाही, त्याचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. म्हणून मागण्याआधी मोजावे, आणि मोजणी काम अंगावर येते त्याच आठवड्यात सुरू करावी. आम्ही २०२२ पासून तासांची आणि कामांची एक साधी वही ठेवली आहे.

तरीही आम्ही थांबलो होतो, त्याचे कारण भिडस्तपणापेक्षा वेगळे होते. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी एक तरुण सहकारी आहे. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे मानधन सुचवले. तिच्या हाती त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढे पडते. ‘मानधन’ या समासात मान आधी येतो, आणि बहुधा म्हणूनच धनाबद्दल बोलणे अवघड होते. आमचा आणि तिचा पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्काच्या एकाच थैलीतून येतो. आम्हाला वाढ दिली आणि तिचे तास कापले, तर ती वाढ कोणी दिली म्हणायची? संस्थेने की तिने?

यावर आम्हाला एकच मार्ग सुचला. यंदा जानेवारीत, संस्थेचे अंदाजपत्रक आखले जाण्यापूर्वी, आम्ही अर्ज दिला. वहीतील आकडे जोडले, आणि आमची वाढ तिच्या तासांतून वळती करू नये, अशी ओळ तिला विचारून घातली. अर्जात ‘विनंती’ लिहावे की ‘मागणी’, यावर आमच्यातच अर्धा तास वाद झाला. शेवटी ‘मागणी’ राहिली.

प्राचार्यांनी अर्ज शांतपणे वाचला. “सर, मॅडम, तुमचे काम मला दिसते. मार्चनंतर बघू या.”

“मार्चनंतर पैसे वाटून झालेले असतात, सर,” आम्ही म्हणालो. “आत्ता अंदाजपत्रकात एक ओळ पडली, तरच पुढे काही बघता येईल.”

त्यांनी अर्जावर आवक क्रमांक टाकायला सांगितले. उत्तर अजून आलेले नाही, आणि ते नकाराचेही असू शकते. विद्यार्थिसंख्या घटत असलेल्या विभागाने तोंड उघडले, तर तुकडीच बंद करण्याची भाषा सुरू होऊ शकते, हे आम्ही धरून चाललो आहोत. पण न मागितल्याने तुकडी वाचते, असाही अनुभव नाही.

तेव्हा कधी मागावे, याचे आमच्यापुरते उत्तर असे: काम पुरते अंगवळणी पडण्याआधी, थैलीचे तोंड उघडे असताना, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे नाव अर्जात घालून. पुढच्या महिन्यात कुणी नवे काम सोपवले, तर ते आनंदाने घ्यावे; मात्र आदेशात ‘अतिरिक्त’ हा शब्द आहे की नाही, तेवढे आधी वाचावे. शब्द नीट वाचणे हा तर आपला व्यवसायच आहे.