चंची आणि कोथळी

आमच्या भागात चंची नसलेला म्हातारा पूर्वी सापडत नव्हता. लांबट खणाची, चार कप्प्यांची. एकात पानं, एकात सुपारी, एकात कात-चुन्याच्या डब्या, एकात अडकित्ता. गुंडाळी करायची अन् दोरी बांधायची. वडिलांच्या चंचीच्या दोरीला आईनं निळे काचमणी ओवले होते. बांधावर कुणी भांडायला आला तरी वडील आधी चंची सोडायचे. पान तोंडात गेलं की आवाज आपोआप खाली यायचा. पुढं गुटख्याची पुडी आली. पुडी एकटा माणूस फाडून खातो. चंची सोडली की चार माणसं बसायचीच.

वडिलांमागं ती चंची मी पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि तिला सोबतीण शोधत गेलो. अशा सत्तावीस झाल्या. बायको म्हणते, "फडक्याचं येड लागलंय."

त्यातल्या निम्म्या बंजारा तांड्यांवरच्या कोथळ्या. किनवट, मुखेड, कंधारकडं हे तांडे पुष्कळ. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे. कवडी तेव्हा नाणं म्हणून चालायची. कवडी बाजारातून उठली, पण बायांनी ती पिशवीवर शिवून ठेवली. मणी, आरसे अन् कवड्या, सगळं हातटाक्याचं.

जुना माल ओळखायला डोळ्यापेक्षा गाल बरा. काचमणी गालाला गार लागतो, प्लास्टिकचा लागत नाही. जुने मणी एकसारखे नसतात. काच टिकते, सूत आधी कुजतं. म्हणून पिशवी खुंटीला टांगू नये, आडवी ठेवावी. धुऊ तर नयेच, लाल रंग उतरतो. वाळला लिंबाचा पाला फडक्यात बांधून शेजारी ठेवावा.

पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या अन् १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केल्या. तशी माणसं थोडी. आमच्याकडं व्यापारी फिरतात. तांडा ऊसतोडीला निघायच्या टायमाला पैशाची नड असते, तेव्हा कोथळ्या निघतात. शहरात त्या कापून नव्या पिशव्यांवर तुकडे लावतात.

माळेगावच्या यात्रेत अशीच एक कोथळी मी कापायच्या आधी सोडवली. पेटीतली सगळ्यात देखणी. दोन वर्षांनी एक म्हातारी याडी पत्ता काढत दारात आली. कोथळी हातात घेतली अन् एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. सगळ्या कवड्या पांढऱ्या सुतात, तिथली एक काळ्या सुतात.

"पांढरं सूत सरलं व्हतं. मायनं शिवली. नातीचं लगीन हाय, बापू."

माझा जीव तुटला. पण खरेदीची पावती दाखवून भांडावं अशी ती वस्तू नव्हती. मी म्हणलं, "ने, याडी. पैसे नकोत."

ती म्हणाली, "फुकट नेली तर भीक व्हईल. माझी कशी व्हईल?"

मी घातले होते तेवढेच पैसे तिनं ओट्यावर मोजून ठेवले.

तेव्हापासून पिशवी घेताना भावाच्या आधी मी विचारतो: कुणाची, कोणत्या तांड्याची, कुणी शिवली? सांगतील ते वहीत लिहितो. कुणी मागायला आलं तर पत्ता लागायला पाहिजे.