३.२ ग्रॅम

आधी एक गैरसमज दूर करतो. होस्टेलच्या मागच्या जास्वंदीवर जो इवलासा निळा-काळा पक्षी उलटा लटकून मध पितो, तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. मलाही हे तिकडे गेल्यावर कळलं. तोवर चार वर्षं मी छातीठोकपणे सगळ्यांना "तो बघ हमिंगबर्ड" म्हणून दाखवत होतो. संबंधितांनी माफ करावं.

टक्सनला, म्हणजे ॲरिझोनात, एमएस करत होतो. मी पडलो मेकॅनिकलवाला, पक्ष्यांशी आपला काय संबंध? पण माझा रूम पार्टनर दर पंधरा दिवसांनी पहाटे उठून वाळवंटात पक्षी मोजायला जायचा. एकदा त्याची गाडी बंद पडली, माझी चालू होती. संशोधनात माझी एंट्री झाली ती अशी.

वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या आणि उंट आठवतात. सोनोरन वाळवंट तसं नाही. दोन-तीन मजली उंचीचे सवारो निवडुंग, काटेरी ओकोटियो आणि चुपारोसा नावाचं लाल फुलांचं झुडूप. चुपारोसा हा स्पॅनिशमध्ये हमिंगबर्डसाठीचाच शब्द आहे. फेब्रुवारीत ते फुलतं आणि त्याच्यावर कॉस्टाज हमिंगबर्ड येतात. नराचा गळा जांभळा, दोन्ही बाजूंना मिशांसारखा लांबलेला. वजन साधारण तीन ग्रॅम. आपलं पाच रुपयांचं नाणंसुद्धा त्याच्याहून जड.

काम असं. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही. ते भांडं टांगायचं, भोवती जाळीचा पडदा वर गुंडाळून ठेवायचा, पक्षी आला की दोरी सोडायची. पुढे पक्ष्याला हात लावायचा तो फक्त मॅडमनी, कारण त्याचं लायसन्स त्यांच्याकडे. (तिथे प्रोफेसरलाही नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून शेवटपर्यंत मॅडमच निघालं.) मापं घ्यायची, नळीने फुंकर मारून पिसं बाजूला करायची, कातडीखाली चरबी किती ते बघायचं आणि पायात ॲल्युमिनियमचा वाळा घालायचा. वाळा कसला, आतला व्यास दीड मिलिमीटरच्या आसपास! नंबर छापलेल्या पत्र्यातून एकेक पट्टी कापून, घासून तो बनवावा लागतो. वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब दुसऱ्याकडून करून घेतल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात एकदाच झाला, तो इथे.

माझं काम लिहिण्याचं. मॅडम आकडे सांगणार, मी तक्त्यात भरणार.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला एक मादी काट्यावर होती. तेवढ्यात पलीकडे एका नराने सूर मारला. मादीवर छाप पाडायला नर उंच जाऊन खाली झेपावतो आणि शेपटीच्या पिसांतून शिट्टी वाजते. २०१८ साली क्लार्क आणि मिस्टिक या दोघांनी दाखवलं की तो मादीच्या डोक्यावरून नाही तर बाजूने जातो, आणि शेपटीचा अर्धा भाग तिच्याकडे वळवतो. बाजूने गेल्याने डॉप्लर इफेक्ट कमी होतो, म्हणजे साहेबांचा खरा वेग बाईसाहेबांना आवाजावरून नीटसा कळत नाही. बारावीच्या फिजिक्सचा याहून चांगला उपयोग मी पाहिला नाही.

तर मी ते बघत बसलो आणि वजन ऐकायचं राहिलं. परत विचारायला लाज वाटली. वरच्या ओळी पाहिल्या. ३.१, ३.३, ३.२. मी लिहिलं ३.२. आपण टर्मवर्कला काय वेगळं करतो? ग्राफ आधी, रीडिंग नंतर. माझी अख्खी जर्नल्स अशीच पूर्ण झालीत, व्हायवालाही कधी कोणी पकडलं नाही.

दहा वाजता मॅडम तक्ता तपासायला बसल्या. त्या ओळीवर थांबल्या. शेरा होता 'पोटात अंडं'. तो त्यांनी सांगितलेला, मी इमानदारीत लिहिलेला. अंडं घेऊन फिरणारी मादी इतरांएवढीच हलकी कशी?

"काट्यावर हेच होतं?"

मी म्हणालो, "बहुतेक."

त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग मी खरं सांगितलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "ती पाच मिनिटं माझ्या हातात होती. तेवढा वेळ तिचं खाणं बंद होतं, भीती वेगळीच. हे तिच्याकडून आपण त्या एका आकड्यासाठी घेतलं." आणि पेन माझ्या हातात दिलं. खोडरबर नाही, एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी कारण लिहायचं.

पक्षी कधीच उडून गेला होता. परतताना गाडीत रूम पार्टनर काही बोलला नाही, मीही नाही.

पंधरा दिवसांनी मी जायचं टाळणार होतो, पण मॅडमनी तक्ता पुन्हा माझ्याच हातात दिला. त्यानंतर मी प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचो, तो रूम पार्टनरच्या चेष्टेचा विषय झाला. त्या दिवसाच्या कागदावर मात्र वजनाच्या रकान्यात अजून तो खोडलेला ३.२ आहे आणि शेजारी माझ्या अक्षरात, 'ऐकलं नाही, अंदाजे लिहिलं'.