अब्बांचे पडदे

आमच्या गावच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा माजघरातल्या त्या दोन चौकटींकडे बघून हमखास विचारतो, "हे हीटर आहेत का?" मुरूड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हीटर कोण लावणार? कुणाला ते पार्टिशन वाटतं, कुणाला जाळीचा दरवाजा. मोहल्ल्यात मात्र त्यांना एकच नाव पडलं आहे, 'अब्बांचे पडदे'. गंमत म्हणजे ते नाव अगदी बरोबर आहे.

अब्बा जहाजावर इलेक्ट्रिकल विभागात होते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांत निम्मे पुरुष जहाजावर आणि निम्मे आखातात, असा तो काळ. लोक येताना टेपरेकॉर्डर, अत्तर, ब्लँकेटं आणत. अब्बांनी 1991 साली इंग्लंडच्या एका बंदरातून वापरलेले क्वाड ईएसएल-63 स्पीकर आणले. अम्मीला वाटलं होतं, शिलाई मशीन येणार. त्या खोक्यांवरून ती कितीतरी दिवस गप्प होती.

साध्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, तारेचं वेटोळं असतं आणि त्याला चिकटलेला कागदाचा कोन असतो. तो मागेपुढे हलतो आणि आवाज निघतो. या स्पीकरमध्ये कोन नाही, लाकडी पेटीही नाही. केसापेक्षा कितीतरी पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणून बसवलेला असतो. त्या पडद्यावर पाच हजारांहून जास्त व्होल्टचा विद्युतभार चढवतात. गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून वाढवून पत्र्यांवर जातो. मग एक पत्रा पडद्याला ओढतो, दुसरा ढकलतो. पडदा इतका हलका की हवेला आणि त्याला वेगळं करणं कठीण. इंग्लंडातल्या हंटिंग्डन गावी पीटर वॉकर नावाच्या इंजिनिअरने असा पहिला पूर्ण स्पीकर 1957 साली बाजारात आणला. पुढच्यावर त्याने 1963 साली काम सुरू केलं, म्हणून नावात 63. तो विक्रीला आला 1981 साली. एका स्पीकरसाठी अठरा वर्षं! अब्बा हे सांगताना दरवेळी बोटं मोजून दाखवायचे.

त्यांची एक सवय होती. नवीन माणसाला ते आधी गाणं ऐकवत नसत, नुसता तानपुरा ऐकवत. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा एका तारेतून सुरांचा अख्खा थवा उठतो. साध्या स्पीकरवर त्याचा एक गुंजारव होतो. या पडद्यांवर दोरा कुठे बसलाय तेही कळेल असं वाटतं. अब्बा म्हणायचे, "हा आवाज मिरजेच्या शिकलगारांनी घडवलाय." ते खरंच आहे. हत्यारं बनवणाऱ्या तिथल्या मुसलमान कारागिरांचे हात वाद्यांकडे वळले आणि मिरजेचा तानपुरा देशभर गेला. त्याच मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उरुसाला तिथे दरवर्षी गायक येऊन हजेरी लावतात.

हे सगळं माझ्या धाकट्या भावाला रुचत नसे. कॉलेजनंतर तो दीनच्या कामात रमला. गाणं-बजावणं घरातली बरकत नेतं, असं त्याचं प्रामाणिक मत. आमच्यात हा वाद शेकडो वर्षांचा आहे आणि दोन्ही बाजूंना मोठमोठी माणसं आहेत. मी तावातावाने त्याला आमच्याच मुरूडचा दाखला द्यायचो. जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम नाझली, आणि तिची बहीण अतिया फैजी. या अतियाने 1914 साली लंडनमध्ये हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक काढलं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "भाई, नवाबांचं नवाबांपाशी." अब्बांसमोर तो कधी एक शब्द बोलला नाही. गाणं सुरू झालं की उठून पडवीत जायचा. अब्बाही मगरिबच्या अजानीच्या पाच मिनिटं आधी बटण बंद करायचे, न सांगता. दोघांनी एकमेकांसाठी एवढी जागा ठेवली होती.

शेवटच्या काही वर्षांत अब्बांना कमी ऐकू येऊ लागलं. इंजिनरूमच्या गोंगाटाने कान गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीतलं जवळजवळ काही येत नसणार. म्हणजे ज्या जवारीसाठी त्यांनी शिलाई मशीनचे पैसे खर्चले, तीच त्यांना येत नव्हती. तरी ते रोज खुर्ची दोन्ही पडद्यांच्या बरोबर मध्ये ओढून बसत. एकदा मी विचारलं, "अब्बा, काय ऐकू येतं?" म्हणाले, "येतं तेवढं येतं. बाकीचं मला पाठ आहे." 2017 साली ते गेले.

त्यानंतर मी पनवेलला आणि भाऊ गावी अम्मीजवळ. स्पीकर बंदच होते. माझा मुलगा म्हणाला, विकून टाका, जुन्या वस्तूंचे शौकीन असतात. मीही जवळजवळ तयार होतो. मग लॉकडाऊन लागलं आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळ नेमकं आमच्याच किनाऱ्यावर धडकलं. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा तासाभरात झोपल्या. फोन लागेना, रस्ते झाडांनी अडलेले. मी पोचलो तेव्हा माजघरावरची निम्मी कौलं नव्हती. भिंतींचे चिरे ओले काळे पडले होते.

आणि कोपऱ्यात दुबईच्या दोन जाड ब्लँकेटांत, वर ताडपत्री घालून, सुंभाने बांधलेले ते दोन स्पीकर. अम्मीने सांगितलं, कौलं उडायला लागली तेव्हा भावाने आधी तिला आणि मुलांना स्वयंपाकघरात नेलं, मग कुराणशरीफ आणि घराचे कागद, आणि मग तो परत माजघरात गेला. ती ओरडत होती, राहू दे, राहू दे. मी त्याला काही विचारलं नाही. तोही एवढंच म्हणाला, "एकात पाणी गेलंय बहुतेक. मला दोन्ही उचलता आले नाहीत लवकर."

खरंच एकात गेलं होतं. वीज आल्यावर लावला तर आत टिक टिक ठिणगी पडायची. खारं पाणी आणि पाच हजार व्होल्ट यांचं जमत नाही. ओल्या धुळीतून भार गळून जातो, नाहीतर उडी मारतो. पुण्यात एक कारागीर भेटला. त्याने चौकट उघडून जुने पॅनल सोडवले, गोंद खरवडला, नवा पडदा ढोलकीच्या पुडीसारखा सगळीकडून सारखा ताणला आणि त्यावर अगदी पुसट वीजवाहक लेप दिला. लेप जास्त झाला तरी बिघडतं, कमी झाला तरी. जेवढ्या पैशांत चांगले नवे स्पीकर आले असते, तेवढे खर्च झाले. मुलगा काही बोलला नाही, बिल मात्र दोनदा वाचलं.

आता ते पुन्हा माजघरात आहेत, भिंतीपासून चार फूट पुढे, कारण हा पडदा जेवढा पुढे गातो तेवढाच मागेही गातो. त्यांच्यावर लग्नाचा डीजे वाजत नाही, ढोलाचा दणका येत नाही. मोठ्याने वाजवले तर थकतात. एका वेळी एकच माणूस मध्ये बसून नीट ऐकू शकतो. सोयीची वस्तू अजिबात नाही. मी महिन्यातून दोनदा गावी जातो, अब्बांच्या खुर्चीत बसतो. आधी तानपुरा. भाऊ अजून पडवीतच जातो. त्याचं मत बदललेलं नाही आणि मी आता नवाबांचे दाखले देत नाही. फक्त पडवीकडचं दार तो पूर्वी ओढून घ्यायचा, ते आता उघडं असतं. उकाड्यामुळेही असेल.

जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारी बंद होते, होड्या वाळूत ओढून झाकल्या जातात. तेव्हाच आम्ही पडदेही बंद करतो, कारण पावसाळी हवेत ते कुरकुरतात. ब्लँकेटं तीच, सुंभ नवा. यंदा मे संपता संपता मला भावाचा फोन आला. आंब्याचं बोलला, अम्मीच्या गुडघ्याचं बोलला. ठेवता ठेवता म्हणाला, "भाई, तू या आठवड्यात येत नसशील तर मीच झाकून घेतो ते."