उधाणाची ओहोटी

लिटल अंदमानला सर्फिंगला जायचं ठरलं तेव्हापासून मी रोज लाटांचा अंदाज बघत होतो. थेट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून मार्च ते मेमध्ये या बेटावर येतात. उंची किती, दोन लाटांत किती सेकंद, वारा कुठला, सगळं वहीत उतरवलं. पोर्ट ब्लेअरहून हट बेची बोट, जादा फिन, बोर्डाभोवती गुंडाळायचा फोम, काही विसरलो नाही. तिथी तेवढी पाहिली नाही. रजा जुळली तो आठवडा धरला आणि पौर्णिमा नेमकी त्यातच आली.

मी मालवणचा. उधाणाला भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी खोल जाते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. पण आमच्या किनाऱ्यावर खाली वाळू. पाणी मागे सरलं की आपण चार पावलं पुढे जातो. लिटल अंदमानची चांगली लाट फुटते ती प्रवाळावर.

सोबत धाकटा मामेभाऊ होता, तारकर्लीला पर्यटकांना स्कूबासाठी पाण्याखाली नेणारा. सकाळी भरतीला उतरताना त्याने विचारलं, "दादा, आज उधाण ना? किती वाजेपर्यंत थांबायचं?"

"लाट आहे तोवर," मी म्हटलं.

लाटा सुरेख होत्या. दुपार व्हायला आली तशी लाट जास्त उभी राहू लागली, आतून पोकळ होऊ लागली. खालचं पाणी उतरल्याची ती खूण. मला वाटलं, लाट सुधारली. मीच हाक मारून त्याला पुढची घ्यायला लावली. तो पडला तिथे पाणी गुडघाभरही नव्हतं.

टाचेपासून पोटरीपर्यंत कातडी सोलवटली होती. जखमेत रुतलेले प्रवाळाचे पांढरे कण हट बेच्या दवाखान्यात ब्रशने घासून काढले. तेवढा वेळ त्याने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता, तोंडातून आवाज काढला नाही. तरीही बोट पोर्ट ब्लेअरला लागेपर्यंत पाय सुजला होता, जखमेत पू झाला होता.

एप्रिल-मे हा तारकर्लीचा भर हंगाम. पाय पाण्यात घालण्याजोगा झाला तोवर पाऊस तोंडावर आला आणि पावसाळ्यात स्कूबा बंद. बुडालेली कमाई मी द्यायला गेलो. त्याने पाकीट उघडलंही नाही, परत माझ्या हातात ठेवलं. मामा मात्र बोलले. ते अजून रापणीला जातात. निघण्याआधी एक फोन केला असतास तर कुठल्या दिवशी किती वाजता पाण्याबाहेर यायचं ते सांगितलं असतं, म्हणाले.